अक्रा, जेम्सटाउन आणि तुरुंगातून जिंकलेली निवडणूक: घानाचे सात दिवस

घानाला का, हा प्रश्न निघायच्या आधी किमान तीस जणांनी विचारला. कारणं दोन होती. एक म्हणजे शाळेपासूनचा मित्र टेमाला (अक्राजवळचं बंदराचं शहर) पाच वर्षं नोकरीला आहे आणि दर दिवाळीला या रे या रे करतो. दुसरं कारण आमचे आजोबा, म्हणजे आण्णा. दुसऱ्या महायुद्धात ते चितगावच्या लष्करी दवाखान्यात वॉर्डबॉय होते आणि तिथे आलेल्या 'गोल्ड कोस्टच्या हबशी शिपायांच्या' गोष्टी आम्हाला अंगणात बसून सांगायचे. ते शिपाई डोक्यावर मणभर ओझं घेऊन ब्रह्मदेशाचे डोंगर चढायचे आणि ओझ्याला हात लावायचे नाहीत, आणि त्यांच्या बाहीवर चक्क कोळ्याचं चित्र असायचं, जाळं विणतो तो कोळी. वाघ नाही सिंह नाही, कोळी! घरात सगळे म्हणायचे आण्णा फेकतात. तर गोल्ड कोस्ट म्हणजेच आजचा घाना हे मला पार कॉलेजात कळलं आणि तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा जायचं.

पहिला दिवस, 25 फेब्रुवारी

मुंबई ते आदिस अबाबा ते अक्रा, म्हणजे घानाची राजधानी. प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, सगळं वेळेवर. घड्याळ साडेपाच तास मागे. बाहेर आलो तर आकाश पांढरट, सूर्य पिठाच्या चाळणीतून बघितल्यासारखा. हा हरमाटान, सहाराकडून येणारा धुळीचा वारा, डिसेंबरपासून असतो आणि आम्हाला त्याचं शेपूट मिळालं. ओठ फुटतात, घसा कोरडा पडतो, व्हॅसलीन खिशातच ठेवा.

मित्र गाडी घेऊन आला होता. विमानतळापासून थोडं पुढे गेलो आणि बायको म्हणाली, ते बघ काय लिहिलंय. बोर्ड होता 'बर्मा कॅम्प'. मी म्हणलं हे काय, तर मित्र म्हणाला घानाच्या सैन्याचं मुख्यालय आहे, आतल्या एका बराकीचं नाव आराकान आहे, आणि तिकडे ताकोराडीला म्योहाँग नावाची बराक आहे. आराकान, म्योहाँग, ही सगळी ब्रह्मदेशातली नावं, आण्णांच्या तोंडची! घानात उतरून अर्धा तास झाला नव्हता आणि माझ्या अंगावर काटा. मित्र रोज त्या रस्त्याने जातो, त्याला वाटलं याला झालं तरी काय.

रात्री केलेवेले खाल्लं. पिकलेल्या केळ्याचे (आपलं वेलचीचं केळं नाही, भाजीचं मोठं केळं) तुकडे आलं-मिरची लावून तळतात आणि वर खारे शेंगदाणे. गोड, तिखट, गरम, रस्त्याच्या कडेला उभं राहून खायचं.

टिप: यलो फीव्हरची लस घेतल्याचं कार्ड नसेल तर घाना आत घेत नाही आणि परत येताना आपल्या विमानतळावरही तेच कार्ड मागतात. लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिची सेंटर ठराविकच असतात म्हणून महिनाभर आधी अपॉइंटमेंट बघा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

दुसरा दिवस, जेम्सटाउन

हा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जेम्सटाउन म्हणजे अक्राचा जुना भाग, 'गा' नावाच्या जमातीची वस्ती, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह, खाली समुद्र आणि रंगीत होड्या. मासे धुरावर वाळवण्याचा वास आपल्या सुक्या बोंबलाच्या जवळचा. डोक्यावर टोपली, पाठीला बाळ आणि दोन्ही हात मोकळे अशा बायका भराभर चढ चढत होत्या आणि मला सारखे आण्णा आठवत होते. तिथलाच एक तरुण गाइड म्हणून घेतला. आधी पैसे ठरवून घ्या हे मात्र नक्की, कारण आमच्या पुढच्या जोडप्याचं पैशावरून भांडण चालूच होतं.

तिथे जेम्स फोर्ट आहे. 1673 साली इंग्रजांनी बांधला आणि पुढे त्याचाच तुरुंग केला. पडक्या भिंती, खारं वारं, उडालेला चुना. मी नगरचा. आमच्याकडे भुईकोट किल्ला आहे जिथे 1942 ला नेहरू, पटेल, आझाद सगळ्यांना कोंडून ठेवलं होतं आणि ते सुटल्यावर काही महिन्यांतच प्रांतांच्या निवडणुका झाल्या. म्हणून किल्ला, तुरुंग आणि मग मतपेटी ही साखळी मला लहानपणापासून ओळखीची. पण इथे काय झालं ते वेगळंच. इथला माणूस तुरुंगात असतानाच निवडून आला.

1950 च्या जानेवारीत क्वामे एन्क्रुमाने, जो पुढे घानाचा पहिला पंतप्रधान झाला, 'पॉझिटिव्ह ॲक्शन' पुकारली, म्हणजे संप, बहिष्कार आणि असहकार, पण हिंसा नाही, गांधीजींच्या पद्धतीने हे तो स्वतः सांगायचा. इंग्रज सरकारने आणीबाणी लावली आणि त्याला धरून तीन वर्षांची शिक्षा दिली, ती याच जेम्स फोर्टात. एका कोठडीत बरेच जण, कोपऱ्यात एक बादली. रात्री बाहेरच्या दिव्याचा उजेड जेवढा भिंतीवर पडायचा तेवढ्यात तो पेन्सिलच्या तुकड्याने टॉयलेट पेपरवर चिठ्ठ्या लिहायचा आणि त्या चोरून बाहेर जायच्या. बाहेर कोम्ला बेदेमा नावाचा त्याचा सहकारी पक्ष सांभाळत होता, स्वतः तुरुंगवास भोगून आलेला. सगळा प्रचार बेदेमाने उभा केला. लाउडस्पीकरच्या गाड्या, लाल-पांढरा-हिरवा झेंडा, लाल कोंबडा ही खूण, आणि बाजारातल्या विक्रेत्या बायका, ज्यांनी पैसाही दिला आणि गल्लोगल्ली हाकारेही घातले. मला विचाराल तर बेदेमाचं नाव जेवढं घेतलं जायला हवं तेवढं घेतलं जात नाही, निवडणूक लढवणारा माणूस आत आणि जिंकून देणारा बाहेर असं होतं ते.

8 फेब्रुवारी 1951 ला मतदान झालं. तोपर्यंत शहरातल्या मोजक्या मालमत्तावाल्यांना मत होतं, आता सामान्य माणूस पहिल्यांदा रांगेत उभा राहिला. अक्रात एन्क्रुमाला 23,122 पैकी 22,780 मतं! गाइडने हे आकडे पाठ म्हणून दाखवले, जसे आपल्याकडे पोरं वर्ल्डकपचे स्कोर सांगतात. जनतेतून निवडायच्या 38 जागांपैकी 34 त्याच्या कन्व्हेन्शन पीपल्स पार्टीला. चार दिवसांनी, 12 फेब्रुवारीला, गव्हर्नर आर्डेन-क्लार्कने त्याला सोडलं. जिथे आम्ही उभे होतो त्याच रस्त्यावर माणसांचा समुद्र होता, लोकांनी त्याला उचलून अरीना मैदानावर नेलं, मेंढरू कापलं आणि त्याच्या रक्तात तो अनवाणी पायाने सात वेळा उभा राहिला, तुरुंगाचा विटाळ धुवायला. दुसऱ्या दिवशी गव्हर्नरने बोलावून सरकार बनव म्हणून सांगितलं. कालचा कैदी!

दरवाजाच्या समोर एक म्हातारी केंके विकत बसली होती. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा गोळा, कणसाच्या पानात गुंडाळून उकडलेला, सोबत तळलेला मासा आणि मिरचीचा ठेचा. आंबटपणा आपल्या आंबोळीच्या पिठासारखा, मला फार आवडला, बायकोला नाही. गाइडने आजीला आमचं सांगितलं की हे इंडियावरून फक्त हा तुरुंग बघायला आलेत. ती हसली आणि म्हणाली, माझी आई त्या दिवशी इथेच होती, नाचून नाचून चप्पल हरवली तिची आणि घरी अनवाणी आली म्हणून आजीने मारलं. मग पुढे म्हणाली, आईला लिहिता वाचता येत नव्हतं, पण कोंबडा ओळखता येत होता.

पैसे देताना मी डावा हात पुढे केला आणि ती एकदम मागे सरकली. चूक माझी, घरात आईनेही हेच शिकवलेलं आहे. टिप म्हणून लक्षात ठेवा, घानात देणं-घेणं, हात दाखवणं सगळं उजव्या हाताने.

तिसरा दिवस, कोकोचा डोंगर

अक्रापासून वर अक्वापिमच्या डोंगरात मम्पाँग म्हणून गाव आहे, तिथे टेटे क्वार्शीची कोकोची बाग आहे. या माणसाने 1879 मध्ये फर्नांडो पो बेटावरून कोकोच्या बिया आणून इथे लावल्या आणि त्यातूनच या देशात कोकोची शेती पसरली. हवा थंड, झाडांना बुंध्यालाच लटकलेली पिवळी फळं. फोडून आतला पांढरा गर चोखायला दिला, सीताफळासारखा लागतो, बी कडू. पैसे दिले की बागेतला म्हातारा बिया सुकवायची पद्धत दाखवतो, पोरांना घेऊन गेलात तर हे नक्की करा.

त्याच्याकडूनच कळलं की 1951 च्या निवडणुकीत गावं एन्क्रुमाच्या मागे का गेली. कोकोच्या झाडांना स्वोलन शूट नावाचा रोग लागला होता, त्यावर औषध नव्हतं, म्हणून सरकारने रोगट झाडं तोडायचा हुकूम काढला. लाखो झाडं गेली. शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर त्याचं झाड कुऱ्हाडीने तोडलं तर तो काय करेल? आमच्याकडे डाळिंबावर तेल्या आला तेव्हा काकांनी स्वतःच्या हाताने बाग उपटली, त्या रात्री ते जेवले नव्हते. इथे तर परका सरकारी माणूस येऊन तोडायचा. गोऱ्यांचं शास्त्र बरोबर होतं, पण शेतकऱ्याला विचारलं कोणी नाही, आणि त्या रागाचं मत झालं. गावांत थेट मतदान नव्हतं, लोक आधी प्रतिनिधी निवडायचे आणि ते प्रतिनिधी पुढे आमदार निवडायचे, तरीही निकाल तोच लागला.

येताना ट्रोट्रोने आलो. ट्रोट्रो म्हणजे आपली वडाप. दारात लटकलेला पोरगा 'सर्क सर्क सर्क' ओरडतो, म्हणजे एन्क्रुमा सर्कल. स्वस्त आहे, मजा आहे, पण घाई असेल तर ॲपवरून गाडी बोलवा, अक्रात ॲपच्या गाड्या मिळतात. सुट्टे पैसे मात्र हवेतच.

चौथा दिवस, 28 फेब्रुवारी, ओसू

ही तारीख मी मुद्दाम गाठली होती. 1948 साली याच दिवशी ब्रह्मदेशातून लढून परत आलेले माजी सैनिक मोर्चा घेऊन ओसूच्या क्रिश्चनबोर्ग किल्ल्याकडे, गव्हर्नरकडे, निघाले होते. हातात शस्त्र नाही, अर्ज होता. युद्धात पेन्शनचं, नोकऱ्यांचं कबूल केलं होतं ते द्या एवढंच मागणं. चौकात पोलिसांनी अडवलं आणि गोळी घातली. सार्जंट अजेटे, कॉर्पोरल अट्टिपो, प्रायव्हेट ओडार्टे लॅम्प्टे, तिघे मेले. जपान्यांच्या गोळ्या चुकवून हजारो मैल परत आलेली माणसं स्वतःच्या गावात मारली गेली.

त्या दिवशी अक्रा पेटलं, काही दिवसांनी एन्क्रुमा आणि इतर पाच पुढाऱ्यांना अटक झाली, आणि मग लंडनने चौकशी समिती नेमली, तिने नव्या घटनेची शिफारस केली, मग आफ्रिकन सभासदांची कूसी समिती बसली आणि तिच्या घटनेतून 1951 ची ती निवडणूक आली. एन्क्रुमा त्या घटनेला बोगस म्हणत होता, त्याला लगेच स्वराज्य पाहिजे होतं, पण बोगस म्हणून घरी बसला नाही, त्याच घटनेखाली उभा राहिला आणि आत शिरला. मला हा त्याचा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. आपल्याकडे 1937 ला काँग्रेसनेही 1935 च्या कायद्याला शिव्या देत देत निवडणूक लढवलीच होती.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचा सरकारी कार्यक्रम उरकला होता, स्मारकापाशी ताजी पुष्पचक्रं होती आणि एक म्हातारे गृहस्थ छातीला वडिलांची मेडलं लावून सावलीत बसले होते. मेडलं वडिलांची असली की उजव्या बाजूला लावायची असतात, त्यांनी तशीच लावली होती. जवळ जाऊन नमस्कार केला, आण्णांचं सांगितलं, चितगाव म्हणताच त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. वडील एक्याऐंशीव्या डिव्हिजनमध्ये होते म्हणाले, कलादान नदीच्या खोऱ्यात, सगळं सामान डोक्यावर. मी भीत भीत कोळ्याचं विचारलं. भीत भीत अशासाठी की नाही म्हणाले तर आण्णा खोटे ठरणार.

ते म्हणाले, अनान्सी! एक्याऐंशीव्या डिव्हिजनची खूणच ती होती, पिवळ्यावर काळा कोळी. अनान्सी हा त्यांच्या गोष्टींतला कोळी, अंगाने बारका पण डोक्याने सगळ्यांना भारी, बिबट्यालाही बांधून आणणारा. बाहीवर त्याचं डोकं खाली असायचं, म्हणजे बंदूक पुढे केली की कोळी शत्रूच्या दिशेने चालतोय असं दिसतं. मग त्यांनी सांगितलं की लहानपणी ते वडिलांच्या जुन्या शर्टावरच्या कोळ्यावर बोट फिरवत झोपायचे. मी काही बोलूच शकलो नाही. बायकोनेच पाण्याची पिशवी फोडून दोघांना दिली (इथे पाणी अर्ध्या लिटरच्या पिशवीत मिळतं, कोपरा दाताने तोडून प्यायचं, ताजी सीलबंद बघून घ्या, आम्हाला काही त्रास झाला नाही).

संध्याकाळी जुनं पोलो ग्राउंड, तिथे आता एन्क्रुमाचं स्मारक आहे. गोरे साहेब जिथे घोड्यावर बसून पोलो खेळायचे त्याच मैदानावर 6 मार्च 1957 च्या मध्यरात्री त्याने स्वातंत्र्य जाहीर केलं. तेव्हा त्याच्या आणि साथीदारांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या होत्या आणि त्यावर पीजी अशी अक्षरं, म्हणजे 'प्रिझन ग्रॅज्युएट', तुरुंगाचे पदवीधर. तिथेच एक मोडका पुतळा आहे आणि शेजारी त्याचं वेगळं ठेवलेलं डोकं. 1966 च्या लष्करी बंडात लोकांनी पुतळा फोडला, कोणीतरी डोकं घरी जपून ठेवलं आणि 2009 मध्ये परत आणून दिलं. पुतळा दुरुस्त न करता तसाच ठेवलाय, हे मला फार आवडलं.

पाचवा आणि सहावा दिवस, सॉल्टपाँड आणि केप कोस्ट

समुद्राच्या कडेने पश्चिमेला. कासोआच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास गेला, सकाळी सहाच्या आत निघा. वाटेत सॉल्टपाँड, छोटंसं गाव, नारळाची झाडं. 4 ऑगस्ट 1947 ला इथेच युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन सुरू झाली, वकील-व्यापाऱ्यांचा पक्ष, जे. बी. डँक्वा त्यांचा मोठा माणूस. त्यांनीच एन्क्रुमाला लंडनहून चिटणीस म्हणून बोलावलं. ते म्हणायचे शक्य तितक्या लवकर स्वराज्य, हा म्हणायचा आत्ता स्वराज्य, आणि 1949 ला फुटून त्याने आपला पक्ष काढला. 1951 ला डँक्वांच्या पक्षाला तीनच जागा मिळाल्या.

हे पण लिहायलाच हवं, नाहीतर गोष्ट अर्धी राहते. याच एन्क्रुमाने पुढे 1958 ला विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा केला, 1964 ला एकच पक्ष ठेवला आणि डँक्वा 1965 मध्ये न्सावमच्या तुरुंगात वारले. जो स्वतः कोठडीतून मतांवर सुटला त्याने दुसऱ्याला कोठडीत मरू दिलं. सॉल्टपाँडच्या रस्त्यावर नारळपाणी पिताना हे आठवून मला खरंच वाईट वाटत होतं. नारळवाल्याला विचारलं, तुम्ही कोणाचे, एन्क्रुमाचे की डँक्वांचे? कोयता पुसत म्हणाला, मी मतमोजणीचा. इथे मतदान केंद्रावरच, सगळ्यांसमोर, एकेक मतपत्रिका वर धरून मोजतात आणि लोक मोठ्याने आकडा म्हणतात. तो दर वेळी रात्रीपर्यंत उभा राहतो म्हणाला. 1992 पासून दर चार वर्षांनी निवडणूक होते, आणि हरलेला सत्ता सोडतो.

केप कोस्टचा किल्ला, गुलामांच्या कोठड्या, समुद्राकडे उघडणारं ते परत न येण्याचं दार, याबद्दल खूप लोकांनी लिहिलंय, मी लिहिणार नाही, मला जमणार नाही. फक्त एवढंच की दोन तास द्या आणि त्यानंतर लगेच दुसरं काही ठरवू नका. आम्ही किनाऱ्यावर गप्प बसून राहिलो.

रात्री मात्र रेड रेड खाल्लं, चवळीची उसळ लाल पामतेलात आणि सोबत तळलेली पिकली केळी. शाकाहारी लोकांनी हा शब्द पाठ करून ठेवा, पण मासा घातलाय का ते विचारून घ्या, कधी कधी सुक्या माशाची पूड असते. सकाळी नाश्त्याला वाचे, म्हणजे ज्वारीच्या झाडाची लाल पानं घालून शिजवलेला चवळीभात, केळीसारख्या मोठ्या पानात बांधून देतात, वर शितो नावाचा काळा तिखट मसाला. शितोच्या दोन बाटल्या आणल्यात, भाकरीबरोबर भन्नाट लागतो.

सातवा दिवस

सकाळ माकोला बाजारात गेली. याच बाजारांतल्या बायका तेव्हा प्रचाराला उतरल्या होत्या. कापडवालीने वार विचारला, मी शुक्रवारचा म्हणल्यावर पूर्ण वेळ मला कोफी म्हणून हाक मारत होती. इथे जन्मवारावरून नाव असतं, एन्क्रुमा शनिवारचा म्हणून क्वामे. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, बाजारात लोक चिडतात, आणि लष्करी जागांचे तर काढूच नका.

विमानतळाला जाताना परत बर्मा कॅम्पचा बोर्ड आला. मित्राला म्हणलं जरा हळू घे. काच खाली केली, गेटवरचा शिपाई बघितला, तेवढंच. मग बाबांना फोन लावला, तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते. सगळं सांगितलं, ओसूचा चौक, मेडलवाले आजोबा, पिवळ्यावरचा काळा कोळी, त्याचं खाली डोकं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "आम्ही त्यांना किती हसायचो रे."

आणि मग मागे आईला हाक मारून सांगताना ऐकू आलं, "अगं ऐकलंस का, आण्णांचा कोळी खरा होता."